घरातील वीज आणि घरातील गाणे



वसंतातल्या व्याख्यानमालांत साहित्य, इतिहास, राजकारण आणि अध्यात्म यांना मानाचे पान असते, आणि ते योग्यच आहे. त्यांच्या पंक्तीला आज आम्ही जो विषय आणून बसविला आहे, तो वायरमनच्या पिशवीतून काढल्यासारखा वाटेल. घरात गाणे ऐकण्याच्या यंत्राला वीज कशी द्यावी, ती शुद्ध करून घ्यावी काय, आणि ज्याला आयसोलेशन ट्रान्स्फॉर्मर म्हणतात त्याचा उपयोग कोठे होतो व कोठे होत नाही, एवढाच हा विषय. परंतु त्यात पैशाचाही प्रश्न आहे आणि जिवाचाही, म्हणून तो आपल्यासमोर मांडण्यास आम्हांला संकोच वाटत नाही.

अलीकडे घरोघरी पुन्हा रेकॉर्ड प्लेअर दिसू लागले आहेत. कोणी वडिलांच्या वेळच्या तबकड्या कपाटातून काढून पुसतो, कोणी नवा अँप्लिफायर आणि उंच स्पीकर घेतो. मोठ्या हौसेने यंत्र जोडावे, तंबोऱ्याचे पहिले झंकार उमटावेत, आणि त्यांच्यामागून एक अखंड 'हूं' असा आवाज यावा, हा अनुभव पुष्कळांना आहे. यावर दोन उपाय लोक करतात. ज्यांच्यापाशी पैसा आहे ते 'पॉवर कंडिशनर' नावाची पेटी आणतात, आणि तिची किंमत कधी कधी अँप्लिफायरच्या किमतीला लाजविते. ज्यांच्यापाशी तो नाही, ते कोणाच्या तरी सांगण्यावरून प्लगची तिसरी, मोठी पिन काढून टाकतात. पहिल्या उपायाने पैसा जातो, दुसऱ्याने जीव जाऊ शकतो. दोन्हींच्या मुळाशी अज्ञान मात्र एकच आहे. आवाज कोठून येतो हे कोणी विचारीत नाही.

तेव्हा आधी विजेची ओळख करून घेऊ. आपल्या घरात येणारी वीज २३० व्होल्ट दाबाची आणि सेकंदाला ५० आवर्तनांची असते. २३० हा तिचा हिशेबी दाब. प्रत्येक लाटेच्या माथ्यावर तो सुमारे ३२५ व्होल्टांपर्यंत चढतो. अँप्लिफायर ही वीज जशीच्या तशी वापरीत नाही. त्याच्या पोटातला ट्रान्स्फॉर्मर दाब उतरवितो, रेक्टिफायर उलटसुलट वाहणारा प्रवाह एका दिशेस वळवितो, आणि मोठे कपॅसिटर पाण्याच्या टाकीप्रमाणे तो साठवून सारखा करतात. लाटेचे दोन्ही अर्धे भाग कामी आल्यामुळे या टाकीत सेकंदाला १०० वेळा भर पडते. म्हणून विजेपासून येणाऱ्या गोंगाटाचे दोन मुख्य सूर असतात: एक ५० चा, खोल आणि गोल, दुसरा १०० चा, वरच्या स्वरांची चरचर घेऊन येणारा, भणभणणारा. हा फरक ज्याच्या कानाने ओळखला, त्याचे अर्धे निदान झाले.

गाणाऱ्या मंडळींना हेच त्यांच्या भाषेत सांगतो. ५० आवर्तनांचा सूर पांढरी पाचच्या किंचित वर आणि काळी चारच्या खाली, असा मधेच लोंबकळतो. १०० चा सूर म्हणजे तोच, एक सप्तक वर. गवयाने काळी चारचा षड्ज लावला असेल, तर या हमिंगचा खर्ज त्याच्याशेजारी रात्रभर बेसूर वाजत राहतो. दिवाणखान्यात दुसरा कोणी बेसूर तंबोरा घेऊन बसला आहे असेच समजा. अमेरिकेत विजेची आवर्तने ६० असल्यामुळे तेथला हा पाहुणा काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधोमध गातो. कोठल्याच देशात तो सुरात नाही!

आता प्रमाण पाहा. रेकॉर्डवर फिरणारी पिन जो विजेचा अंश निर्माण करते तो साधारण ५ मिलिव्होल्टांचा, आणि काही जातींच्या पिनांत त्याचा दहावा भाग. घरातला दाब २३० व्होल्ट. म्हणजे ज्या भिंतीतून २३० व्होल्ट धावतात तिच्याच शेजारी तिच्या ४६,००० व्या हिश्शाएवढे गाणे पातळ तारेवरून चालले आहे. बाजारातल्या ढोलताशांशेजारी बसून मुलाची कुजबूज ऐकावी, तसा हा प्रकार. तेव्हा गोंगाट का येतो याचे आश्चर्य नाही. एवढ्या शेजारीही गाणे बहुधा स्वच्छ ऐकू येते, याचेच आश्चर्य मानले पाहिजे, आणि त्याचे श्रेय अँप्लिफायर बनविणाऱ्यांच्या पिढ्यांना दिले पाहिजे.

विजेच्या तक्रारी चार प्रकारच्या आहेत, आणि चारांना चार औषधे आहेत. ताप, खोकला, पोटदुखी आणि मोडलेले हाड यांवर जो एकच काढा देतो त्याच्याकडे आपण दुसऱ्यांदा जात नाही. विजेच्या बाबतीत मात्र एकाच पेटीने सारे बरे होते अशी आपली समजूत करून दिली जाते.

पहिली तक्रार दाबाच्या चढउताराची. संध्याकाळी साऱ्या आळीचे दिवे आणि पंखे लागले की दाब उतरतो, रात्री चढतो. यावर उपाय स्टॅबिलायझर. दुसरी तक्रार आकस्मिक झटक्यांची. वळवाच्या पावसात जवळ वीज पडते, किंवा खांबावरचा न्यूट्रल तुटतो. न्यूट्रल तुटला म्हणजे एका फेजवरचे घर दुसऱ्या फेजवरच्या घराशी बांधले जाते, आणि ज्या घरात विजेचा वापर कमी त्याच्या वाट्याला ४०० व्होल्टांच्या आसपासही दाब येऊ शकतो. यासाठी मुख्य फळीवर दाब वाढताच वीज तोडणारे साधन असावे, आणि आभाळ गडगडू लागले की प्लग काढून ठेवावा. केबलची ताराही काढावी, कारण आकाशातली वीज केवळ प्लगमधूनच येते असे नाही. तिसरी तक्रार विजेवर स्वार होऊन येणाऱ्या बारीक कचऱ्याची. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, स्वस्त एलईडी दिवा, मोबाइलचा चार्जर, फ्रिजचा 'टक्' आवाज, ही याची उदाहरणे. चौथी तक्रार त्या अखंड 'हूं'ची. ती बहुतेक वेळा बाहेरच्या विजेत नसतेच. ती आपल्याच तारांच्या जोडणीत असते, आणि लोक तिच्यासाठी तिसऱ्या तक्रारीचे औषध घेतात.

आता आयसोलेशन ट्रान्स्फॉर्मरकडे येऊ. याचे मूळ मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये केलेल्या प्रयोगात आहे. लोखंडी कड्यावर तारेची दोन वेटोळी गुंडाळली, पैकी एकातला प्रवाह सुरू वा बंद केला, तर दुसऱ्यात क्षणभर प्रवाह उमटतो, आणि दोन्ही तारा एकमेकींना कोठेही चिकटलेल्या नसतात. पुढे १८८५ साली बुडापेस्टच्या गांझ कारखान्यातील देरी, ब्लाथी आणि झिपर्नोव्स्की या तिघांनी त्याला व्यवहारात चालेल असे रूप दिले. आपल्याकडे १९१५ साली खोपोलीची वीज उंच दाबाने मुंबईच्या गिरण्यांपर्यंत आली, तीही याच युक्तीच्या बळावर. ज्यात दोन्ही वेटोळ्यांचे फेरे सारखे, म्हणजे २३० आत आणि २३०च बाहेर, तो आयसोलेशन ट्रान्स्फॉर्मर. कोणी म्हणेल, दाब वाढवायचा नाही, कमी करायचा नाही, मग एवढे लोखंड आणि तांबे कशाला? ते केवळ विलग करण्यासाठी. वीज पलीकडे पोचते ती चुंबकाच्या मार्गाने. तारेची तारेशी गाठ पडत नाही.

या विलगपणाचे खरे घर म्हणजे दुरुस्तीचे टेबल आणि शस्त्रक्रियागृह. जुन्या 'एसी-डीसी' रेडिओंत ट्रान्स्फॉर्मर नसे. त्यांची लोखंडी चौकट थेट विजेच्या एका तारेला जोडलेली असे. असा रेडिओ उघडून बसणाऱ्या कारागिराच्या हातात आणि मृत्यूत अंतर ठेवण्याचे काम हा ट्रान्स्फॉर्मर करीत आला. ज्यांना आजही जुने रेडिओ जमविण्याचा छंद आहे त्यांनी ही गोष्ट विसरू नये.

परंतु गाण्याच्या यंत्राविषयी एक साधी गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. आपल्या अँप्लिफायरच्या पोटात जो ट्रान्स्फॉर्मर आहे, तोही विलग करणाराच आहे. त्याचीही दोन वेटोळी एकमेकांपासून अलग आहेत. ज्या हलक्या यंत्रांत तो जड गोळा दिसत नाही, त्यांतही अतिशीघ्र आवर्तनांवर चालणारा छोटा ट्रान्स्फॉर्मर असतो. म्हणजे बाहेर आणखी एक आयसोलेशन ट्रान्स्फॉर्मर ठेवणे म्हणजे दाराला दुसरे दार लावणे होय. दुसऱ्या दाराने कधी काही लाभ होत नाही असे नव्हे. पण वारा जर खिडकीतून येत असेल, तर दारे किती लावावीत?

ही खिडकी कोणती, ते पाहू. समजा, आपला अँप्लिफायर तीन पिनांच्या प्लगवर आहे, म्हणजे त्याची धातूची पेटी अर्थिंगला जोडलेली आहे. टीव्हीचा आवाज ऐकण्यासाठी आपण तो एका तारेने अँप्लिफायरला जोडला. टीव्हीत केबलवाल्याची तार आली आहे, आणि त्या तारेचे बाहेरचे जाळीदार वेष्टन दूर कोठे तरी, गच्चीवर किंवा दुसऱ्या इमारतीत, जमिनीला टेकले आहे. आता जमिनीपासून निघालेला एक फेरा पुरा झाला: घराचे अर्थिंग, अँप्लिफायर, आवाजाची तार, टीव्ही, केबल आणि पुन्हा जमीन. दोन ठिकाणच्या जमिनींचा दाब अगदी सारखा कधीच नसतो. म्हणून या फेऱ्यातून ५० आवर्तनांचा एक क्षीण प्रवाह फिरू लागतो. आवाजाच्या तारेच्या वेष्टनाचा विरोध एक दशांश ओहम धरा, आणि फिरणारा प्रवाह १० मिलिअँपिअर. ओहमच्या नियमाने तेथे १ मिलिव्होल्ट उभा राहिला. अँप्लिफायरला हे परकीय आणि ते स्वकीय असे कळत नाही. तो गाण्याबरोबर या मिलिव्होल्टलाही मोठा करतो, आणि स्पीकर 'हूं' म्हणू लागतो.

यात बाहेरच्या विजेचा काय दोष आहे? विजेच्या बाजूला हजारो रुपयांचा ट्रान्स्फॉर्मर ठेवला, तरी कायद्याप्रमाणे आणि शहाणपणाप्रमाणे अर्थिंगची तार त्याच्या आरपार पलीकडच्या सॉकेटपर्यंत न्यावी लागते. ती नेली की फेरा पूर्वीसारखाच राहिला. याउलट केबलच्या तारेत एक लहानसा आयसोलेटर घातला, किंवा आवाजाच्या तारेत मुठीत मावेल असा सिग्नलचा ट्रान्स्फॉर्मर घातला, तर फेरा तुटतो आणि अर्थिंग शाबूत राहते. त्याहून स्वच्छ उपाय म्हणजे प्रकाशाची तार. १९८३ साली जपानच्या तोशिबा कंपनीने आणलेल्या टॉसलिंक या जोडणीत गाणे प्रकाशावर बसून जाते. तेथे तांबेच नाही, तर फेरा कसला व्हायचा? ट्रान्स्फॉर्मर हेच औषध बरोबर होते असे कित्येकदा ठरते. फक्त तो भिंतीजवळ, विजेच्या वाटेवर ठेवण्याऐवजी गाण्याच्या वाटेवर ठेवायचा होता.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही मुख्यतः हा विषय घेतला, ती सांगतो. तिसरी पिन काढली की 'हूं' थांबतो, हे खरे आहे. फेरा तुटतो, म्हणून तो थांबतो. पण ती पिन तेथे कशासाठी होती? आपल्या प्लगची मोठी पिन जाड आणि लांब ठेवलेली असते ती उगीच नव्हे. प्लग घालताना ती सर्वांआधी टेकावी आणि काढताना सर्वांनंतर सुटावी, हा तिचा हेतू. आत एखाद्या तारेचे वेष्टन झिजून ती पेटीला लागली, तर विजेने या पिनेच्या वाटेने धावून फ्यूज किंवा ब्रेकर पाडावा आणि यंत्र बंद व्हावे, यासाठी ती आहे. पिन काढली, आणि तीच तार पेटीला लागली, तर काहीच होत नाही. यंत्र वाजत राहते, गाणे पूर्वीहून स्वच्छ ऐकू येते, आणि २३० व्होल्टांची पेटी कोणाच्या तरी ओल्या हाताची वाट पाहत शांत बसते. अर्थिंगला आपल्याकडे नुसते 'अर्थ' म्हणतात. त्याचा अनर्थ होतो तो असा.

हे भय घालण्यासाठी सांगत नाही. ३ मे १९७२ रोजी वेल्समधील स्वान्सी येथे लेस हार्वी हा गिटारवादक ऐन कार्यक्रमात, नीट अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून गेला. १९७६ साली कीथ रेल्फ हा इंग्रज गायक आपल्या घरीच, अर्थिंग नीट नसलेली गिटार वाजविताना विजेच्या धक्क्याने मरण पावला. दोघेही विजेच्या वाद्यांत वाढलेले होते. एक रंगमंचावर गेला आणि दुसरा घरात. विजेने दोघांत भेद केला नाही.

यावर कोणी विचारतील, की आयसोलेशन ट्रान्स्फॉर्मर असताना अर्थिंग कशाला? त्याच्या पलीकडची वीज जमिनीशी बांधलेली नसते, मग धक्का कसा बसेल? दुरुस्तीच्या टेबलावर, एका वेळी एकच यंत्र असताना, हे बरोबर आहे. पण गाण्याच्या मांडणीत तीन-चार यंत्रे एकमेकांना धातूच्या तारांनी जोडलेली असतात, आणि त्यांतले एखादे केबलद्वारे जमिनीशी बांधलेले असते. तेथे विलगपणा नावापुरताच उरतो. शिवाय एक दोष निर्माण झाला तर तो कोणाला कळत नाही, आणि दुसरा झाला की पहिल्याचा हिशेब एकदम पुरा होतो. म्हणून अर्थिंग आरपार नेलेच पाहिजे. तसेच, जमिनीकडे गळणारा प्रवाह ओळखून ३० मिलिअँपिअरवर वीज तोडणारा जो ब्रेकर आपण मुख्य फळीवर बसवितो, त्याला ट्रान्स्फॉर्मरच्या पलीकडची गळती दिसत नाही. म्हणून पलीकडच्या वेटोळ्याचे एक टोक अर्थिंगशी रीतसर बांधून तेथे दुसरा तसाच ब्रेकर बसवावा लागतो. हे काम परवानाधारक वायरमनचे आहे, हौशी माणसाचे नव्हे.

आपल्याकडच्या घरांची आणखी एक विशेष गोष्ट आहे. पुष्कळ जुन्या घरांत सॉकेटला तिसरे भोक असते, पण त्याच्या मागे तार नसते. असली तरी ती ज्या खड्ड्यात जाते त्यात मीठ-कोळसा भरला त्याला किती वर्षे झाली हे कोणास ठाऊक नसते. उन्हाळ्यात जमीन वाळली की अर्थिंगही वाळते. या खड्ड्याला आत्ता, वैशाखात, पाणी घालायचे असते, आणि नेमके आत्ताच ते कोणाला आठवत नाही. अशा घरात यंत्राच्या पेटीवरून हात फिरविला की झिणझिण्या येतात. कारण असे, की यंत्रात कचरा गाळण्यासाठी फेज आणि पेटी, न्यूट्रल आणि पेटी यांच्यामध्ये लहान कपॅसिटर असतात. अर्थिंग नसेल, तर या दोघांच्या मध्ये लोंबकळणारी पेटी २३० च्या अर्ध्यावर, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टांवर, राहते. प्रवाह अगदी क्षीण असतो, पण तो आवाजाच्या तारांतून वाट काढतो आणि भणभण ऐकू येते.

आता गंमत पाहा. पॉवर कंडिशनरच्या पेटीतही हेच कपॅसिटर असतात, किंबहुना अधिक मोठे असतात. त्यांनी गाळलेला कचरा ते अर्थिंगमध्ये टाकतात. ज्या घरात अर्थिंग नाही त्यात ही पेटी म्हणजे मोरी नसलेले न्हाणीघर. धुतलेले सारे पाणी दिवाणखान्यात! म्हणून आमचे म्हणणे असे, की वीज शुद्ध करण्याचा पहिला खर्च अर्थिंगचा. तो खड्डा दिसत नाही, पाहुण्यांना दाखविता येत नाही, त्याच्यावर निळा दिवा लागत नाही. पण त्याच्यावाचून पुढचे सारे खर्च अधांतरी आहेत.

मग आयसोलेशन ट्रान्स्फॉर्मर मुळीच घेऊ नये काय? तसे नाही. दोन्ही तारांवर एकदम स्वार होऊन येणारा जो कचरा असतो, त्याला तो चांगला अडवितो, विशेषतः दोन वेटोळ्यांच्या मध्ये तांब्याचा पडदा घालून तो अर्थिंगला जोडला असेल तर. पडदा नसेल, तर दोन्ही वेटोळी शेजारी असल्यामुळे वरच्या आवर्तनांचा कचरा एकातून दुसऱ्यात उडी मारतो. म्हणून घेताना पहिला प्रश्न पडद्याचा विचारावा. साऱ्या यंत्रांना एकाच ट्रान्स्फॉर्मरमागून, एकाच पट्टीवरून वीज दिली, तर त्यांच्या गळतीचे प्रवाह साऱ्या घराला वळसा न घालता जवळच परत जातात. इमारतीत लिफ्ट, पंप, वेल्डिंगचे दुकान असे शेजारी असतील, आणि अर्थिंग नीट करूनही चरचर राहत असेल, तर या ट्रान्स्फॉर्मरवर खर्च केलेला पैसा वाया जात नाही.

मात्र त्याच्या मर्यादा ध्यानात ठेवाव्या. तो दाब स्थिर करीत नाही. १९० आत गेले तर १९०च बाहेर येतील. अँप्लिफायर वीज सारखी ओढीत नाही. लाटेच्या माथ्याशी ओंजळीने घेतो. म्हणून त्याच्यावर ३०० वॉट लिहिले असतील, तर ट्रान्स्फॉर्मर निदान दुपटीचा असावा. एरव्ही जोरकस सम आली की तो दमतो, आणि ज्याने गाणे सुधारायचे त्यानेच त्याचा गळा आवळला असे होते. मोठा गोल ट्रान्स्फॉर्मर सुरू करताना पहिल्या क्षणी इतका प्रवाह ओढतो की ब्रेकर पडतो. त्याला सुरुवातीला आवरणारी जोडणी लागते. कोणी हेअर ड्रायर अर्ध्या गरमीवर लावला, की लाटेचे दोन अर्धे असमान होतात आणि गोल ट्रान्स्फॉर्मर स्वतःच घुरघुरू लागतो. ही घुरघुर स्पीकरमधून येत नाही, पेटीतून येते, आणि दुसरा ट्रान्स्फॉर्मर तिच्यावर उपाय नव्हे. तोही तिच्यात सामील होईल. आणि वीज गेल्यावर जो इन्व्हर्टर चालतो तो चौकोनी लाटेचा असेल, तर गाणे बंद ठेवावे, किंवा साइन वेव्हचा इन्व्हर्टर घ्यावा.

श्रोतेहो, घरी गेल्यावर करून पाहता येईल अशी रीत सांगतो. अँप्लिफायर बंद करून त्याला जोडलेल्या आवाजाच्या साऱ्या तारा काढा, मग तो एकटाच सुरू करा. प्लग मात्र तीन पिनांचाच राहू द्या. आवाज तरीही येत असेल तर दोष त्याच्या पोटात आहे, बहुधा म्हाताऱ्या झालेल्या कपॅसिटरांत, आणि जागा दुरुस्तीच्या दुकानाची. आवाज गेला असेल, तर बंद-सुरू करीत एकेक तार जोडा. जी जोडताच 'हूं' आला, ती गुन्हेगार. टीव्हीची असेल तर केबल काढून पाहा. रेकॉर्ड प्लेअरची असेल, तर त्याची बारीक हिरवी किंवा काळी अर्थिंगची तार अँप्लिफायरच्या स्क्रूला नीट आवळली आहे काय ते पाहा, आणि तो अँप्लिफायरच्या ट्रान्स्फॉर्मरपासून दोन हात दूर ठेवा. सारी यंत्रे एका पट्टीवर घ्या. इतक्याने पुष्कळांचे काम एक रुपयाही न मोडता होईल. न झाले, तर वायरमनला बोलावून अर्थिंग मोजून घ्या, आणि गळतीच्या ब्रेकरचे 'टेस्ट'चे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा. एवढ्यानंतर जो आवाज उरेल, त्याच्यासाठी पेटीचा विचार करा.

आणि ती पेटी आणलीच, तर दुसऱ्याच्या हाताने परीक्षा घ्या. आपण पाठ करून बसावे. घरातल्या कोणी न सांगता कधी पेटीतून, कधी थेट भिंतीतून वीज द्यावी. आणि आपण दहा वेळा सांगावे, आत्ता कोणती आहे. आपल्या कानावर अविश्वास दाखविण्याचा आमचा हेतू नाही. पण पैसे मोजलेल्या वस्तूविषयी मन कानाआधीच निकाल देते, हे प्रत्येकाने लग्नसराईत घेतलेल्या वस्तूंवरून ताडून पाहावे. दहांत नऊ-दहा वेळा ओळखले, तर पेटी खुशाल ठेवा. पाच वेळा ओळखले, तर नाणे उडवूनही तेवढेच जमले असते.

संगीताचा रसिक शुद्धतेचा आग्रह धरतो, आणि तो त्याचा अधिकार आहे. परंतु शुद्धता घराच्या पायापासून यावी. ज्या तारेने 'हूं' येतो तीच तार लहान मुलाचा हात राखते. ती कापून मिळविलेली शांतता आपल्याला नको. गाणेही निर्मळ राहावे आणि घरही निर्धास्त, अशी व्यवस्था थोड्या विचाराने होते, आणि तिच्यासाठी लागणारे बहुतेक ज्ञान फार जुने आणि फार स्वस्त आहे. ते आपण घरी न्यावे, एवढीच विनंती.